बातमीची निवड कोणी केली? वृत्तकल, राजकारण आणि एआय यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात गेली काही वर्षे आम्ही दर रविवारी सकाळी तीन-चार वर्तमानपत्रे शेजारी शेजारी मांडून एकत्र वाचतो. शेतकरी, शिक्षक, महाविद्यालयात जाणारी मुले आणि बचत गटातल्या भगिनी असे पंधरा-वीस जण असतात. अलीकडे कागदाबरोबर मोबाइलही टेबलावर येतो आणि एखाद्या मुद्द्यावर अडले की कोणीतरी तो प्रश्न एआयला विचारून पाहते. या बैठकीत पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न आणि त्यांना मी देत आलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरांमध्ये माझी मते आहेत आणि ती मी झाकून ठेवलेली नाहीत.

‘सगळेच पेपर विकले गेले आहेत’ हे म्हणणे बरोबर आहे का?

हे वाक्य दर आठवड्याला कोणीतरी उच्चारतेच, आणि त्यामागचा राग मला समजतो. परंतु या वाक्याने वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. सगळेच विकले गेले असे एकदा ठरवले की कोणते पान काळजीपूर्वक वाचावे हा प्रश्नच उरत नाही, आणि मग ज्याचे ऐकायला बरे वाटते त्याच्याच शब्दावर माणूस विसंबू लागतो.

मी एका लहानशा ओळीपासून सुरुवात करायला सांगतो. वर्तमानपत्राच्या पानाच्या तळाशी, बहुधा शेवटच्या पानावर, बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक, छपाईचे ठिकाण आणि संपादक यांची नावे दिलेली असतात. ही पद्धत १८६७ च्या वृत्तपत्र व पुस्तक नोंदणी कायद्यातून आली. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. जुन्या कायद्यात संपादकाची व्याख्या मोठी अर्थपूर्ण होती. वृत्तपत्रात छापल्या जाणाऱ्या मजकुराची निवड ज्याच्या नियंत्रणाखाली असते तो संपादक, असे त्यात म्हटले होते, आणि म्हणूनच अनेक पेपरांत संपादकाच्या नावाजवळ ‘बातम्यांच्या निवडीस जबाबदार’ अशा अर्थाची टीप वर्षानुवर्षे छापली गेली. लेखणी कोणाचीही असो, निवडीचे उत्तरदायित्व एका नावानिशी माणसावर ठेवलेले होते. माझ्या मते वृत्तकलाची, म्हणजे बातमी एखाद्या बाजूला झुकण्याची, सगळी चर्चा या ‘निवड’ शब्दापाशी सुरू झाली पाहिजे.

बातमी खरी असूनही दिशाभूल करू शकते, ती कशी?

आपल्याकडचे सर्वांत जवळचे उदाहरण मुहूर्ताच्या कापूस खरेदीचे आहे. जळगाव जिल्ह्यात अनेक जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांत, गणेश चतुर्थीला हंगामाचा मुहूर्त होतो. काट्याची पूजा होते, नारळ फुटतो, पहिल्या गाडीच्या शेतकऱ्याला टोपी-उपरणे दिले जाते आणि त्या पहिल्या काही क्विंटलांना मानाचा भाव मिळतो. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा येतो की कापसाला इतके हजार रुपये भाव मिळाला. त्या मथळ्यात एकही अक्षर खोटे नसते. तो भाव खरोखर दिला गेलेला असतो, पावती फाटलेली असते, छायाचित्रही असते.

तरीही ज्याच्या घरात वेचणी व्हायची आहे तो शेतकरी त्या मथळ्यावरून जो हिशेब मांडतो तो चुकतो, कारण मुहूर्ताचा भाव किती क्विंटलांना मिळाला, तिसऱ्या दिवशी त्याच काट्यावर काय भाव निघाला आणि ओल्या कापसाला किती कपात लागली, हे त्या बातमीत बहुधा नसते. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करताना ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत पाहते आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेला कापूस घेत नाही. पावसाळा लांबलेल्या वर्षी हा एकच आकडा घरातल्या कापसाची किंमत ठरवतो, पण त्याचे छायाचित्र निघत नाही. मथळ्यात काय आले यापेक्षा काय यायचे राहिले, हे तपासण्याची सवय लागली तर निम्मे काम झाले.

एकाच निर्णयाच्या दोन पेपरांत दोन उलट बातम्या येतात. त्यांतली खरी कोणती समजावी?

बऱ्याचदा दोन्ही खऱ्या असतात. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती आणि नंतर ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे आपल्याकडचा मुहूर्त आठवड्यावर आला असताना हा निर्णय झाला. अशा निर्णयाचा मथळा ‘वस्त्रोद्योगाला दिलासा’ असा करता येतो आणि ‘कापूस उत्पादकांवर घाला’ असाही करता येतो. सूतगिरणीला स्वस्त कापूस मिळणे आणि शेतकऱ्याच्या कापसाला स्पर्धा वाढणे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

येथे कल ओळखण्यासाठी मी तीन ठिकाणी बोट ठेवायला सांगतो. बातमीत पहिला उद्गार कोणाचा घेतला आहे, मंत्र्याचा, गिरणीमालकाचा की शेतकऱ्याचा, हे पाहावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे कितव्या परिच्छेदात आले आहे, हे पाहावे. आणि त्या वर्षीचा हमीभाव, जो २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये होता, बातमीत दिला आहे की वगळला आहे, हे पाहावे. हमीभावाशिवाय बाजारभावाची बातमी वाचणे म्हणजे वजनाशिवाय काटा पाहणे आहे.

मी स्वतः शेतकऱ्याच्या घरात वाढलो आहे, त्यामुळे दुसरा मथळा मला आपसूक खरा वाटतो. हा माझा कल आहे, आणि तो माहीत असल्यामुळेच पहिल्या मथळ्याखालची बातमी मी मुद्दाम शेवटपर्यंत वाचतो.

पैसे घेऊन छापलेली बातमी कशी ओळखावी?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातल्या वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत उमेदवाराचे गुणगान करणारा मजकूर शब्दाला शब्द सारखा छापून आल्याचे उघडकीस आले, ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ते प्रकरण लावून धरले, आणि पुढे भारतीय वृत्तपत्र परिषदेने ‘पेड न्यूज’च्या चौकशीसाठी उपसमिती नेमली. प्रतिस्पर्धी पेपरांच्या दोन वार्ताहरांना एकच विशेषण एकाच ठिकाणी सुचत नसते, एवढे साधे लक्षण तेव्हा सर्वांना कळले.

आज लक्षणे थोडी बदलली आहेत. मजकुराभोवती चौकट असते, अक्षराचा टाइप नेहमीच्या बातमीपेक्षा किंचित वेगळा असतो, वार्ताहराचे नाव नसते, आणि कोपऱ्यात ‘प्रायोजित’ हा शब्द इतका बारीक असतो की चष्म्याशिवाय दिसत नाही. निवडणुकीच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती असते. संशयास्पद मजकुराचे कात्रण तिच्याकडे देता येते, आणि तो मजकूर पैसे देऊन छापल्याचे ठरले तर त्याचा खर्च उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरला जाऊ शकतो. प्रचारपत्रकांच्या बाबतीत तर कायदा अधिक स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७ क प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता असलाच पाहिजे. रात्रीतून दारात पडलेल्या निनावी पत्रकाचा मजकूर वाचण्याआधी त्याची खालची कड पाहावी.

यात गावच्या वार्ताहराचा दोष किती?

माझ्या मते फार थोडा. तालुक्याच्या ठिकाणचा वार्ताहर अनेकदा पगारी नोकर नसतो. त्याचे मानधन तुटपुंजे असते आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याचे काम त्याच्याच गळ्यात पडते. ज्याच्याकडून काल जाहिरात आणली त्याच्या विरोधात आज बातमी द्यायची, ही अपेक्षा आपण एका मोटारसायकलवर फिरणाऱ्या माणसाकडून करत असतो. अशाही स्थितीत पाणीटंचाई, रेशनचा काळाबाजार, आश्रमशाळेतले जेवण यांवर आपल्या भागात ज्या बातम्या येतात त्या हीच माणसे देतात. चांगली बातमी आली की त्यांना फोन करून तसे सांगावे. तक्रारीचे फोन त्यांना पुष्कळ येतात.

पेपरात छापलेले आणि व्हॉट्सॲपवर आलेले यांत खरा फरक कोणता?

खालच्या त्या बारीक ओळीचा. छापील मजकुराच्या तळाशी कोणाचे तरी नाव असते, आणि पुढे पाठवलेल्या संदेशाला ते नसते.

या फरकाची किंमत आपल्या खान्देशाने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाच्या भिंती त्यांना वाचवू शकल्या नाहीत. त्याआधीचे काही आठवडे मुले पळवणाऱ्यांचे संदेश मोबाइलवरून या गावाहून त्या गावाला जात होते, आणि ते पहिल्यांदा कोणी लिहिले हे पाठवणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हते.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत मी बैठकीत नेहमी समजावून सांगतो. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तीत दिसत होते. मूळ फीत पाकिस्तानातल्या कराची शहरात पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती, आणि तिच्या शेवटी ते दोघे परत येऊन मुलाला सोडतात व फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला. एक चौकटही नव्याने चित्रित करावी लागली नाही. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, एवढी निवड पुरेशी झाली.

त्यानंतर व्हॉट्सॲपने संदेशावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचच जागी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला, दुहेरी बाण असलेला संदेश एका वेळी एकाच जागी पाठवता येतो. दुहेरी बाणाचा अर्थ ‘हे सगळ्यांना पटले आहे’ असा नाही. हा मजकूर निघाल्यापासून बऱ्याच हातांतून गेला आहे आणि त्याचा मूळ धनी दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मला मोबाइलवर माझ्याच मताच्या बातम्या का दिसतात?

कारण तेथे निवड संगणकाची असते आणि ती तुमच्या बोटाकडे पाहून होते. कोणत्या बातमीवर तुम्ही थांबलात, काय उघडले, कशाखाली रागाने लिहिले आणि काय पुढे पाठवले, यावरून पुढचे काय दाखवावे याचा अंदाज बांधला जातो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आपल्या क्रमवारीत ओळखीच्या माणसांतल्या प्रतिक्रियांना अधिक वजन देण्याचा निर्णय जाहीर केला होता. संतापजनक मजकुरावर प्रतिक्रिया अधिक येतात, हे गावच्या पारावर बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको. एकाच घरातल्या बाप-लेकाचे मोबाइल शेजारी ठेवले तर दोन वेगळे देश दिसतात. पेपर निदान दोघांसाठी एकच असतो, आणि मला न आवडणारी बातमीही त्यात माझ्या नजरेखालून जाते.

एआयला विचारले तर राजकारणाविषयी निष्पक्ष उत्तर मिळेल का?

सध्या सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसमोर आले आणि त्यानंतर तशी अनेक साधने आली. त्यांच्या मुळाशी भाषेचे प्रारूप असते. प्रचंड प्रमाणात लिखित मजकूर पुरवून संगणकाला एकच गोष्ट शिकवलेली असते, ती म्हणजे आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता किती, हे ताडणे. या साध्या वाटणाऱ्या कामातून भाषांतर, सारांश, प्रश्नोत्तरे अशी थक्क करणारी कामे होतात आणि त्यांचे महत्त्व मी मुळीच कमी लेखत नाही. आमच्या वाचनालयातल्या मुलींनी इंग्रजी शासकीय परिपत्रके याच साधनाने मराठीत समजून घेतली आहेत, आणि ते काम पूर्वी आठवडाभर अडत असे.

पण यात निवड निदान चार ठिकाणी होते. कोणता मजकूर शिकवण्यासाठी घेतला, ही पहिली. तयार झालेल्या उत्तरांपैकी कोणते चांगले हे माणसांनी गुण देऊन ठरवले, ही दुसरी. कोणत्या विषयांवर बोलावे आणि कुठे हात राखावा याच्या सूचना कंपनीने दिल्या, ही तिसरी. चौथी निवड आपली स्वतःची असते आणि ती आपल्या लक्षात येत नाही. एका रविवारी आम्ही एकाच साधनाला दोन मोबाइलवरून कापसाच्या आयात शुल्काविषयी विचारले. एकाने ‘शुल्कमाफीमुळे कापूस उत्पादकांचे कसे नुकसान झाले?’ असे विचारले आणि दुसरीने ‘शुल्कमाफीमुळे वस्त्रोद्योगाला कसा आधार मिळाला?’ असे विचारले. दोघांना आत्मविश्वासाने लिहिलेली, मुद्देसूद आणि परस्परांची दखलही न घेणारी उत्तरे मिळाली. प्रश्नात जे गृहीत धरले होते ते साधनाने उचलून धरले. पाटलाच्या ओसरीवर बसून पाटलाला हवे तेच बोलणाऱ्या माणसाची सवय आपल्याला ओळखता येते; यंत्रात ती ओळखायला अजून आपण शिकतो आहोत.

म्हणून राजकीय प्रश्न विचारताना मी तीन वाक्ये मुद्दाम जोडायला सांगतो: ‘या निर्णयाच्या बाजूचे आणि विरोधातले सर्वांत भक्कम मुद्दे दे’, ‘कोणती माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे ते सांग’, आणि ‘मूळ आदेश किंवा आकडेवारी कोठे पाहता येईल ते सांग’. तिसऱ्या वाक्यावर मिळालेला पत्ता स्वतः उघडून पाहावा लागतो, कारण ही साधने नसलेल्या आदेशाचा क्रमांकही तितक्याच सहजतेने लिहून देतात. असा क्रमांक घेऊन आमचा एक सभासद तहसील कार्यालयात जाऊन आला आहे. त्या क्रमांकाचा आदेश निघालेलाच नव्हता, आणि त्याचा अर्धा दिवस आणि एसटीचे भाडे वाया गेले.

सर्वांत मोठी अडचण मात्र त्या बारीक ओळीचीच आहे. यंत्राच्या उत्तराखाली निवडीस जबाबदार असलेल्याचे नाव नसते, आणि तेच उत्तर उद्या पुन्हा मागितले तर शब्दही बदललेले असतात. कात्रण कापून ठेवावे तसे ते ठेवायचे असेल तर तारीख, वेळ, साधनाचे नाव आणि आपण विचारलेला नेमका प्रश्न यांसह त्याचे छायाचित्र ठेवावे लागते.

अहिराणीत विचारले तर चालते का?

‘हाई खरं शे का?’ असे विचारले तर प्रश्न बहुधा कळतो, पण उत्तर पुण्याकडच्या छापील मराठीत येते. याचे कारण पुन्हा मजकुराच्या निवडीत आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदवणारे सुमारे ८.३ कोटी लोक होते, आणि तरीही इंग्रजीच्या तुलनेत संगणकावर उपलब्ध असलेला मराठी मजकूर थोडा आहे. अहिराणी ज्यात धरली जाते त्या खान्देशी या नावाखाली त्याच जनगणनेत सुमारे १८.६ लाखांची नोंद आहे आणि तिचा लिखित मजकूर तर त्याहूनही विरळ आहे. नंदुरबारकडच्या पावरी, मावची या भाषांचे काय होत असेल, याची कल्पना करावी. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम भारतीय भाषांसाठी सुरू केला, हे चांगले झाले. परंतु ज्या भाषेत आपण लिहीतच नाही त्या भाषेत यंत्र बोलेल, अशी आशा धरणे चुकीचे आहे. वर्तमानपत्रांनी आठवड्यातून एक स्तंभ अहिराणीत चालवावा, असे माझे ठाम मत आहे.

बनावट आवाज आणि चित्रफिती यांचे काय करावे?

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान होते. आदल्या दिवशी राज्यातल्या नेत्यांच्या आवाजातल्या म्हणून काही ध्वनिफिती पसरल्या. संबंधित नेत्यांनी तो आवाज आपला नसल्याचे सांगितले, आणि पडताळणी करणाऱ्यांनी त्यांतल्या काही फिती एआयने बनवलेल्या असण्याची दाट शक्यता वर्तवली. यातली वेळ लक्षात घेण्याजोगी आहे. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार थांबलेला असतो, उत्तर देणाऱ्याला सभा घेता येत नाही, आणि पडताळणीचा निकाल येईपर्यंत मतदार रांगेत उभा असतो.

ओठांची हालचाल, डोळ्यांची उघडझाप, बोटांची संख्या यांवरून बनावट फीत ओळखता येते असे सांगितले जाते, पण ही साधने महिन्यागणिक सुधारत असल्यामुळे डोळ्यांवर फार भिस्त ठेवू नये. आवाजाच्या फितीत तर पाहायलाही काही नसते. मतदानाच्या आधीच्या दोन दिवसांत अचानक प्रकट झालेली, धनी नसलेली फीत कोणत्याही पक्षाच्या विरोधात असो, ती मी ऐकतो पण पुढे पाठवत नाही, एवढा एक नियम मी स्वतःसाठी केला आहे. उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे: खरी फीत बाहेर आल्यावर ‘ही एआयने बनवली आहे’ असे म्हणून हात झटकणे आता पुढाऱ्यांना सोपे झाले आहे.

मग खरे-खोटे सरकारनेच ठरवून दिले तर बरे होणार नाही का?

माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे, आणि न्यायालयाचेही तसेच आले आहे. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा आहे का, हे सरकारच्याच तथ्यपडताळणी कक्षाने ठरवावे अशी दुरुस्ती एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत झाली. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते जानेवारी २०२४ मध्ये विभागली गेली, प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले, आणि न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती दुरुस्ती घटनाविरोधी ठरवणारे मत दिल्यावर ती रद्द झाली.

ज्याच्याविषयी बातमी आहे त्यानेच ती खरी की खोटी हे ठरवू नये, हे तत्त्व ग्रामसभेतही लागू पडते. सरपंचावरच्या आरोपाची चौकशी सरपंच करत नाही. सरकारने खुलासा जरूर द्यावा, आकडे द्यावेत, कागद दाखवावेत. त्या खुलाशाला पेपरात जागा मिळालीच पाहिजे. मजकूर काढून टाकण्याचा अधिकार मात्र वेगळा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ चा अनुभव फार जुना नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका साध्या मतप्रदर्शनावरून अटक झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले.

पडताळणीसाठी गावात बसून काय करता येते?

पुष्कळ करता येते, कारण ज्या बातम्यांचा आपल्या जगण्याशी थेट संबंध आहे त्यांचे मूळ कागद जवळच असतात. ‘तालुक्यात अतिवृष्टी’ किंवा ‘तालुका कोरडा’ अशी बातमी आली की महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे पाहावेत. अतिवृष्टीसाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस धरला जातो आणि तो मंडळात मोजला जातो. एका मंडळात ९० आणि शेजारच्या मंडळात १५ मिलिमीटर पडला असताना तालुक्याची सरासरी छापणारी बातमी दोन्ही गावांना चुकीची वाटते. उमेदवाराच्या मालमत्तेविषयी वाद झाला तर त्याचे शपथपत्र, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उघडता येते. रस्त्याच्या कामाची बातमी संशयास्पद वाटली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रकाची प्रत मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.

आपल्या भागाला मूळ कागद पाहण्याची शिकवण मिळालेली आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून कागद जमवले, त्यांचे निधन धुळ्यातच झाले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात उभे आहे. सांगोवांगीपेक्षा अस्सल कागदाला मान देण्याची ती रीत इतिहासापुरतीच राखून ठेवण्याचे काही कारण नाही.

घरातल्या ग्रुपवर वडीलधाऱ्यांनी खोटे काही पाठवले तर त्यांना कसे सांगावे?

ग्रुपवर सर्वांसमोर दुरुस्त करू नये. संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसावे. ‘नाना, हाई कोणती तारीखनं शे?’ एवढाच प्रश्न बहुधा पुरतो. मी स्वतः एकदा केळीच्या भाववाढीचे कात्रण आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकले होते. तारखेची पट्टी त्यात नव्हती आणि ते मागल्या वर्षाचे निघाले. एका पुतण्याने त्यावर विसंबून कापणी दोन दिवस थांबवली आणि त्याचा माल पिकायला लागला. त्याने मला अपशब्द वापरला नाही, पण त्यानंतर तारीख पाहिल्याशिवाय मी काहीही पाठवलेले नाही.

पेपरात चुकीची बातमी छापून आली तर तक्रार कोठे करावी?

आधी संपादकाला लेखी कळवावे. बातमीतले कोणते वाक्य चूक आहे ते उद्धृत करावे, त्याच्या पुढ्यात खरी माहिती आणि कागदाची प्रत द्यावी, आणि खुलासा छापण्याची विनंती करावी. एका पानापेक्षा जास्त लिहू नये. शिवीगाळीचे पत्र बाजूला पडते, पण पुराव्याचे पत्र बऱ्याचदा छापून येते, असा आमचा अनुभव आहे. दाद मिळाली नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जाता येते. दैनिक आणि साप्ताहिकाच्या बाबतीत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांत तक्रार करावी लागते, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार जोडावा लागतो, आणि त्या विषयावर न्यायालयात प्रकरण चालू नसल्याचे लिहून द्यावे लागते. परिषद समज देऊ शकते आणि ठपका ठेवू शकते, दंड करू शकत नाही. हा तिचा मोठा उणेपणा आहे असे मी मानतो. दूरचित्रवाणी वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत.

कात्रण जोडताना पानाच्या माथ्यावरची, तारीख आणि आवृत्तीचे नाव असलेली पट्टी कापून टाकू नये. जळगाव आवृत्तीतली बातमी धुळे-नंदुरबार आवृत्तीत पुष्कळदा नसते, आणि त्या पट्टीवाचून ते कात्रण कोणत्या अंकातले हे दाखवणे अवघड जाते.